नकलेचा अर्ज

नाव विकत घेतलं तेव्हा
साडेआठशे रुपये लागले वर्षाचे, आणि एक फॉर्म.
सुलक्षणा निमजे,
गल्ली नंबर चार, नंदनवन, नागपूर.
मोबाईल. सगळं खरं.
खोटं लिहायची घरात सवय नव्हती;
बाबा सिटी सर्व्हेच्या नकल शाखेत,
तीस वर्षं लोकांच्या नावावर काय आहे
ते लोकांना उतरवून देत आलेले.

साईट छोटीशी. मुलींच्या होस्टेलांची.
कुठे पाणी येतं, कुठे डिपॉझिट परत येत नाही,
कुठला मालक रात्री मीटर बघायला म्हणून वर येतो.
मुली लिहायच्या, मी त्यांची नावं काढून टाकायची.
माझंही काढता येतं, हे सुचलंच नाही.

मे महिन्यातली दुपार,
कूलरचा वाळा नुकताच भिजलेला,
आणि दारात एक पांढरा शर्ट,
हातात संत्रा बर्फीचा अर्ध्या किलोचा डबा.
"निमजे ताई ना? वेबसाईट तुमचीच ना?
दिसते ना जी तिथं सगळं, पत्ता, फोन.
म्हटलं, इतक्या जवळ राहून राह्यल्या
तर भेटूनच घ्यावं."
पाणी मागितलं. पूर्ण पेला प्यायला.
जाताना आईच्या चपला पाहिल्या,
माझ्या गाडीचा नंबर,
जिन्याखालचा गेलेला बल्ब.
धमकी? नाही बा. एक शब्द नाही.
ती बर्फी मुंग्यांनीही खाल्ली नाही
असं लिहायचं होतं मला.
खाल्ली. मुंग्यांना काय.

त्याच रात्री पैसे भरून पडदा घेतला.
माझ्या नावाच्या जागी आता
'गोपनीयतेसाठी झाकलेले',
आणि पत्ता कुठल्याशा बर्फाळ देशातल्या
पोस्टाच्या पेटीचा.
झोप लागली. खरंच लागली.

दोन वर्षांनी, दिवाळीच्या आधी,
वरच्या मजल्यावरचा प्रज्योत खोब्रागडे
मोबाईल घेऊन खाली आला.
कोळसा खाणीत भरती. साईटवर राजमुद्रेसारखं काहीतरी,
पिवळी हेल्मेटं घातलेली हसरी माणसं.
ट्रेनिंगची अमानत अकरा हजार पाचशे.
आईची पोत इतवारीत सराफाकडे,
आणि तिकडचा फोन बंद.
"ताई, तुले समजते यातलं.
कोण आहे हा, एवढं पाहून दे."

पाहिलं.
गोपनीयतेसाठी झाकलेले.
तोच देश, तोच रस्ता, तीच पेटी.
तो आणि मी
शेजारी.

"म्हणजे नावच नाही का त्याले?"
आहे, म्हटलं. दाखवत नाहीत.
"काऊन?"
सांगायला तोंड उघडलं
आणि पांढरा शर्ट आठवला.
पोलिसांनी पावती दिली. पडदेवाल्यांना पत्र लिहिलं,
तुमची विनंती मिळाली, असं उत्तर
चार महिन्यांत तीनदा मिळालं.

बाबांना विचारलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर
हिरवी पट्टी डोळ्यावर, खाटेवर पडून.
"खिडकीवर कोणीही यायचं.
हा प्लॉट कोणाच्या नावावर, सांगा.
सांगत होतो. पण आधी अर्ज.
दहाचं तिकीट, अर्जदाराचं नाव, पत्ता, सही,
नकल कशाले पाह्यजे ते.
रजिस्टरात त्याचीबी ओळ पडे.
दुसऱ्याचं नाव पाह्यजे
तर आपलं ठेवून जा."

आणि त्यानं खोटं लिहिलं तर?

बाबा बराच वेळ गप्प.
"लिहीत. एकानं विहीर पाहाची म्हणून नकल नेली,
अन् मग..."
पुढचं सांगितलं नाही.
"पण ओळ होती, बाई. शोधता आलं त्याले."

काल पडद्याच्या नूतनीकरणाची आठवण आली.
चालू ठेवायचा? होय. नाही.
वर प्रज्योत येरझारा घालत होता,
पंख्याच्या आवाजातूनही पावलं कळत होती.
पावलं थांबेपर्यंत थांबले.
मग होय दाबलं.

जिन्याखाली नवा बल्ब लावलाय, साठचा.
येणाऱ्याचा चेहरा दिसतो आता,
त्याने बेल वाजवायच्या आधी.