वेळ, बाजू, मिनिटं

गच्चीपासून शेजारच्या नारळापर्यंत
बावीस मीटर तांब्याची तार मी स्वतः ओढली,
सातवा महिना होता, सगळे नको म्हणत होते.
आता तिच्यावर लंगोट वाळतात.
सासूबाईंनी विचारलं नाही, मीही बोलले नाही.
फक्त प्रत्येक लंगोटावर एक हिरवट रेघ उठते,
साबणाने न जाणारी.

वहीही तीच आहे,
लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, खडेबाजारातली.
आधी रकाने होते : वेळ, मीटर, आवाज कसा.
आता : वेळ, बाजू, मिनिटं.
एका पानावर तर दोन्ही आहेत.
वर : एकतीस मीटर, परकी भाषा, बाई बहुतेक हवामान सांगते आहे.
खाली : डावी, अकरा, ओकली.
मधे रेघ मारायला कोणाला सवड होती?

वहीच्या मागच्या बाजूने मी लिहायची.
ऐकलेल्याबद्दल, न कळलेल्याबद्दल, दोन-दोन पानं.
शेवटचं वाक्य आहे :
त्या रात्री आवाज असा आला की जणू
आणि जणू काय, ते आता आठवत नाही.

वडगावात आमच्या गल्लीची रात्र म्हणजे माग.
उजवीकडे दोन, डावीकडे निंगव्वाच्या थोरल्याचे चार.
खटक खटक, साडीचा काठ बोटबोट पुढे सरकतो
आणि माझ्या रेडिओत नुसती खरखर, पापड तळल्यासारखी.
मागांच्या मोटारी थांबल्या तरच काही ऐकू येतं.
म्हणजे करंट गेला तरच.
हेस्कॉमला शिव्या न घालणारी
गल्लीत मी एकटीच.

काल तीन वाजता गेला.
मी जागीच. बारा व्होल्टची बॅटरी कॉटखाली,
हेडफोन एका कानाला.
आणि एकदम स्वच्छ. ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसं.
खूप खोलातून एक माणूस
अडखळत्या इंग्रजीत आकडे वाचत होता.
मी पेन चाचपडत होते

तेवढ्यात मलू उठली.
आठ आठवड्यांची आहे. पोटात होती तेव्हापासून
मागांच्या आवाजात झोपते.
आपण आवाज झाला की दचकतो,
ती थांबला की.
मी ज्या घडीची वाट बघते
नेमक्या त्याच घडीला तिची पाचावर धारण.
इतकी साधी गोष्ट, कळायला दोन महिने गेले.

उमाकांत उद्यमबागेतून दीडला आलेला,
नखांत अजून ग्रीस. झोपेतच म्हणाला, "घेऊ का?"
आणि कुशीवर वळला.
खिडकीपलीकडून निंगव्वा : "निद्दी हत्तिल्लेन?"
"नाही हो, करंट गेला ना."
ती कानडीत, मी मराठीत,
लग्न होऊन आले तेव्हापासून असंच चाललंय,
कोणाचं काही अडलेलं नाही.

मग मी तिच्या कानाशी तोंड नेलं
आणि हळू, जिभेने टाळूवर : खटक खटक. खटक खटक.
स्वतःलाच हसू येत होतं.
पण तिची मूठ सैल झाली, ती प्यायला लागली.
एका कानात तो माणूस,
तोंडात माग,
छातीशी ती, आणि पेन सापडलेलं.
किती वेळ, माहीत नाही.
थांबले असते तर ती उठली असती,
नीट ऐकलं असतं तर माझा ठेका चुकला असता.
दोनदा चुकलाच.

करंट आला. सगळे माग एका झटक्यात सुरू,
तो माणूस पापडात विरघळला.

सकाळी वही उघडली :
३.१२, उजवी,
आणि पुढे तिरक्या अक्षरात
चौदा, सात, पुन्हा चौदा.
त्यातली मिनिटं कुठली
आणि त्याचे आकडे कुठले,
सांगता येत नाही.
मी खोडलं नाही. तार काढायला वर गेले,
म्हणजे लंगोट.