भरलेली जागा

रोजगार कार्यालयात एकतीस वर्षं
पिवळी कार्डं लावली मी.
लाकडी खण, खणावर आकडा,
आकड्यामागे व्यवसाय.
मोहल्ल्याची नोंद वेगळी नव्हती,
पण बोटांना कळायचं:
हे गोळीबार चौकातलं. हेडाऊ, पराते, सोनकुसरे,
शिक्षण सातवी, कौशल्य: मागावर बसणे.
हे कामठीचं, विडी वळणाऱ्या बाईच्या पोट्ट्याचं.
हे खापरखेड्याचं, कडेला काळा अंगठा उमटलेला.

मिलचा भोंगा थांबला त्या साली
रांग फाटकातून निघून
पानठेल्याला वळसा घालून परत आली.
साहेब म्हणाले, यांना येतं तरी काय?
येत होतं, साहेब.
तुटलेला धागा दिसायच्या आत
त्यांना गाठ मारता येत होती.
गाठीसाठी आमच्याकडे आकडा नव्हता.

पुढे त्यातले कितीतरी ऑटो चालवू लागले.
लोक म्हणाले, शहरात ऑटो फार झाले बाप्पा.

तेव्हा घरटी पाच लेकरं.
पाच लेकरांच्या घरांना शाळा लागते,
शाळेला बाई लागते,
म्हणून एका उन्हाळ्यात डी.एड. झालेल्या
चारशे मुली माझ्या खिडकीशी,
आणि खलील टेलरकडे गणवेशाला दोन शिलाया जास्त.
मला वाटायचं मी कार्डं मोजतो.
मी पाळणे मोजत होतो,
वीस वर्षं उशिरा.

आता त्रिमूर्तीनगरात माझी गल्ली:
अकरा घरं, सतरा माणसं.
सगळ्यांत तरुण देशकर वहिनी, वय त्रेसष्ट.
पोरं हिंजवडीला, बंगळुरूला,
एक कुठे बर्फात आहे, त्याचा फोन रविवारी येतो.
कोपऱ्यावरच्या बालवाडीत फिजिओथेरपी चालते.
भिंतीवरचा ससा त्यांनी पुसला नाही.
त्याच्या कानाकडे बघत मी
खांदा वर नेतो, दहा वेळा.

सकाळी साडेसातला गल्ली कामाला लागते.
रक्त न्यायला लॅबचा पोट्टा,
डबे घेऊन निमजे काकू,
मालिशवाला, सिलिंडरवाला,
रात्रपाळीच्या मुली निघतात, दिवसपाळीच्या येतात,
फाटकात चपला बदलल्यासारख्या.
सतरा जण आम्ही पडून,
आमच्यावर चालणारी पोटं तेवीस.
मोजलीत मी. सवय आहे.

माझ्याकडे फुलवंता उईके.
लांजीच्याही पलीकडची.
पगारातला चौथा हिस्सा एजन्सीचा.
'आजोबा, गोळी घेऊन घ्या बरं.'
मराठी ती माझ्याकडूनच शिकून राहिली,
मी तिच्याकडून एकच शब्द, येर.
पाणी.
रात्री तो पुरतो.

तिच्या गावातही म्हणे माझ्या गल्लीसारखंच:
म्हातारे आहेत.
फक्त लेकरंही आहेत.
मधली माणसं हैदराबादेत, इथे वर्धा रोडवर,
विसाव्या मजल्याच्या सळ्यांवर.
मागच्या पोळ्याला तिची आई पडली.
तिच्याजवळ कोण असतं, मी विचारलं.
'शेजारची पोरगी. बकऱ्या आणल्या की येते.'
वय?
'असेल नऊ.'

मी मनातले खण उघडत गेलो.
एकही इतका छोटा नव्हता.

काल तिला विचारलं, तू कधी कार्ड काढलं होतंस?
आमच्या ऑफिसात, पिवळं?
'आधार आहे ना,' ती म्हणाली,
आणि माझ्या काखेत हात घालून
मला उठवून बसवलं.

लोकांना जागा मिळवून देत होतो मी.
आता मीच एक जागा आहे,
बारा तासांची, जेवण धरून, भरलेली.
रिकामी होईन तेव्हा
फुलवंताला चार दिवस आधी कळावं,
दुसरीकडे विचारून ठेवायला.
म्हणून आताशा
रात्री मी खोकला दाबत नाही.