परड्यातला फ्रीज

एकोणीसच्या पुरात घरातलं सगळं बुडालं,
हा तेवढा तरंगला.
आठव्या दिवशी पाणी उतरलं, दार ढकललं,
तर हा ओट्यावर आडवा, बैल बसावा तसा.
पोटात गाळ,
गाळात लोणच्याची बरणी, झाकणासकट शाबूत.

मेकॅनिक म्हणाला, गेला.
तरी टाकवेना.
तेव्हापासून शेवग्याखाली उभा होता,
कोंबड्या चढून बसायच्या.

आता भिलवडीतल्या घरात सामानाचं असं की
खुरपी न्हाणीत, फवारायचा पंप जिन्याखाली,
भेंडीचं बी तांदळाच्या डब्यामागं,
आणि ह्यांचा दिवसातून तीनदा एकच सवाल:
कुठं ठेवलंस?
पलूसला पत्र्याच्या शेडचा भाव काढला.
आकडा ऐकला
आणि दुकानदाराचा चहा यायच्या आत उठलो.

चौगुल्यांच्या सुकुमारनं द्राक्षबाग काढलेली.
अँगल बांधावर रचून ठेवलेले,
तारेचे वळ अजून अंगावर.
भंगाराच्या भावानं ने, काकू, म्हणाला.
अठ्ठावीसनं चौदा किलो: तीनशे ब्याण्णव.
स्क्रू, वायसर, साठ.
गौस अत्तार आला, कॉम्प्रेसर सोडवला,
हातावर तीनशे वीस ठेवले.
म्हणजे पदरचे गेले एकशे बत्तीस.
हे मी कॅलेंडरमागं लिहून ठेवलंय,
कुणी विचारलं तर असावं म्हणून.
अजून कुणी विचारलं नाही.

विटा पडक्या भिंतीच्या. दोन थर.
त्यावर फ्रीज उताणा निजवला, दार आभाळाकडं.
वर चार अँगल, अँगलवर फ्लेक्स,
कुणाच्या तरी वाढदिवसाचा.
चेहरा आतल्या बाजूला घेतला.
तो आता हात जोडून
माझ्या खुरप्यांना शुभेच्छा देतो.

हे म्हणाले, वाऱ्यासाठी भोकं पाडू का?
म्हटलं, खबरदार.
रबराची पट्टी अजून घट्ट आहे,
मुंगी शिरत नाही, घूस तर नाहीच.
आणि भोक पाडलेलं तरंगत नाही.
बाहेरून कडी ठोकली, कुलूप घातलं.
नातू लपाछपी खेळतो; किल्ली माझ्या कमरेला.

मग दोर.
शेवगा ठिसूळ, म्हणून नारळाला बांधला.
लांबी किती ठेवायची?
शाळेच्या भिंतीवर पुराची रेघ आहे.
सुटीच्या दिवशी जाऊन तिथवर माप घेतलं,
वर दोन हात जास्त.
शिपाई बघत होता. काही बोलला नाही,
टेपचं दुसरं टोक मात्र धरलं.

पहिल्यांदा उघडला संध्याकाळी.
पंप, विळे, सुतळीचा गुंडा, बियाच्या पुड्या
सगळं जागच्या जागी.
अंधारच होता,
तरी क्षणभर थांबले
आतला दिवा लागेल म्हणून.

शिडी तेवढी मावली नाही.
खरं सांगायचं तर मावली असती,
तिरकी घातली असती तर, छपराखाली.
पण ती आमची नव्हेच.
त्याच पाण्यात वाहत आली,
आमच्या पत्र्याला अडकली,
तिच्यावरून आम्ही सहाजण होडीत उतरलो,
आणि शेजारची म्हातारी, आणि तिची शेळी.
कडेला निळ्या रंगात दोन अक्षरं: द. रा.
आमणापूरला विचारलं, बुर्लीला विचारलं.
दत्तू रामा? दगडू राऊ?
कुणी हो म्हणेना.

तिला रस्त्याच्या बाजूनं भिंतीला लावून ठेवलीय,
अक्षरं बाहेर.
ऊन खाते, पाऊस खाते.
दिवाळीला तेवढं मी निळा रंग आणते,
पाव लिटरचा डबा,
आणि अक्षरं पुन्हा गिरवते.
तो खर्च
कॅलेंडरमागच्या हिशोबात धरलेला नाही.