प्रतिशब्द

तीन बुधवार झाले, समिती एका शब्दावर अडली आहे.
लोंढे सर म्हणतात, समग्र. वैद्यकवाले म्हणतात, साकल्य.
स्थापत्याच्या खासनीसांना सर्वंकष हवा,
मला त्यात काहीतरी घासून सपाट केल्याचा आवाज येतो.
चहा येतो, बिस्किटं येतात, शाखेगणिक एक बशी.
इतिवृत्तात मी लिहिते : पुढील बैठकीत.

घरी आईचा गुडघा.
त्याची स्वतंत्र फाईल आहे, निळी.
पोटाची पिवळी. झोपेची नुसतीच पिशवी.
कर्वे रोडवर एकाच इमारतीत तीन मजले, तीन पाट्या,
आणि एकच बाई आम्ही तिथे हप्त्याहप्त्याने नेतो.
गुडघेवाल्यांनी फोटो उजेडाला धरला, म्हणाले, झीज.
त्यांच्या गोळीने पोट बिघडलं.
पोटवाल्यांच्या गोळीने तोंड कडू झालं,
जेवण सुटलं, रात्री ती उठून बसू लागली.
झोपवाले म्हणाले, वयोमानानुसार.
कुणी चुकीचं बोललं नाही.
हेच मला छळतं.
प्रत्येकाचा कागद बरोबर आहे.

मग तहसीन मोमीन, व्यायाम शिकवायला येणारी,
पायात दोन रंगांचे मोजे, स्कूटरची किल्ली दातात.
तिने आधी गुडघ्याला हातच लावला नाही.
मोरीतली रिकामी बादली बघितली
आणि विचारलं, आजी, पाणी कोण भरतं?

आई माझ्याकडे न बघता म्हणाली,
खालच्या टाकीवरून. दोन कळश्या. पहाटे, ही उठायच्या आत.
तीन मजले.
दिवाळीपासून.
म्हटलं, हिच्या त्या बैठका असतात.

दिवाळीपासून बोअर आटली आहे, हे मला माहीत होतं.
गुडघा दिवाळीपासून दुखतो, हेही.
दोन्ही मी वेगवेगळ्या डायऱ्यांत लिहिलं होतं.

खाली वॉचमन भीमण्णा.
तो म्हणाला, शेजारी खड्डा पडला ना मॅडम, तेव्हापासून.
दोन मजली पार्किंग, जमिनीखाली.
रात्रंदिवस पंप चालतो, गटारात पाणी जातं,
किती स्वच्छ, आंघोळ करावी असं.
मी हिरव्या पत्र्याच्या फटीतून पाहिलं.
माती, मग मुरूम, मग काळा कातळ,
आणि कातळाच्या दोन थरांमधे एक ओली रेघ,
टेकडीकडून आलेली, आमच्या इमारतीखालून जायची ती.
आता तिथेच संपते.
वर टेकडीवर लोक मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत होते.

चेअरमन म्हणाले, पाण्याचा विषय वेगळा, गुडघ्याचा वेगळा.
बिल्डरकडच्या साहेबांनी परवानगीचा कागद दाखवला.
तोही बरोबर होता.

बुधवारी मी प्रथमच हात वर केला.
म्हटलं, शब्द राहू दे, आपण आधी उदाहरण लिहू,
आणि एका दमात सांगितलं,
गुडघा, जिना, कळशी, पंप, कातळ, टेकडी.
जरा वेळ कुणी बिस्कीट उचललं नाही.
मग खासनीसांनी पेनाचं टोपण लावलं, मायेनेच विचारलं,
छान आहे, पण हे नोंदवायचं कोणत्या शाखेखाली?
मला सांगता आलं नाही.

तहसीनला आई परवा म्हणत होती,
कुठं दुखतं म्हणून काय सांगू, सगळं आलं त्यात.
सगळं आलं त्यात.
हे मी समितीपुढे मांडलेलं नाही.
चार शब्दांचा प्रतिशब्द कोशात बसत नाही.

आता पहाटे मी उठते.
आईला रागच आला आहे, कळश्या तिच्या माहेरच्या आहेत.
गुडघा थोडा कमी दुखतो,
पिवळी फाईल उघडलेली नाही पंधरा दिवस,
पंप मात्र चालूच.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काल
माझाच डावा गुडघा कटकन वाजला.
कळशी कठड्यावर टेकवून मी थांबले.
जिन्याच्या जाळीतून अंधारात टेकडी दिसत नव्हती,
पण ती कुठल्या बाजूला आहे, ते कळत होतं.