किंवा

मसुदे मी लिहिते. माझं नाव कुठे छापत नाहीत.
विधानभवनाच्या तळघरात, बॉयलरशेजारी,
बावीस हिवाळे या राज्याची वाक्यं शिवते आहे:
गव्हाच्या कोठारांची, रस्त्यावर आलेल्या गुरांची,
गोठलेल्या तळ्यावर मासेमारीची खोपटी
कोणत्या तारखेपर्यंत ठेवता येतील, त्याची.
गुरं चोरण्याचं कलम आमच्याकडे शंभर वर्षांचं आहे.
माणसांचं नव्हतं.

फेब्रुवारीत ती समितीपुढे आली.
ल्युझविमिंडा अबेलार्डे.
सिनेटर राउश यांनी स्पेलिंग तीनदा विचारलं.
ती म्हणाली, तीन बेटसमूह जोडून केलेलं नाव आहे,
आईने अख्खा देश माझ्या अंगावर घातला.
कुणीतरी हसलं.
नंतर कुणी हसलं नाही.

महामार्गालगतचं मोटेल. छत्तीस खोल्या.
तीन वर्षं चादरी.
पासपोर्ट मालकाच्या खणात, बायबलखाली.
डोक्यावर कर्ज: विमानाचं भाडं, गणवेशाचे पैसे,
साबणाचे,
ज्या खाटेवर पाठ टेकायची तिचंसुद्धा भाडं.
महिनाअखेरीला फेडावं
आणि एक तारखेला ते परत पोट सुटल्यासारखं वाढलेलं.

"दाराला कुलूप होतं?"
राउश वाईट माणूस नाहीत. बीट पिकवतात,
गेल्या साली बायको गेली, तेव्हापासून
शर्टाला इस्त्री नसते.
"नाही."
"कुणी मारलं?"
"नाही."
"मग निघून का नाही गेलात?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली.
बाहेर उणे एकतीस. सपाट पांढरं, नजर अडकवायला
झाडही नाही.
"कुठे?"

हा शब्द इतिवृत्तात आहे. मी तपासून पाहिलं.

त्या रात्री माझ्यासमोर खंड दोन, उपखंड क:
'बळजबरी करून आणि फसवून आणि धाक दाखवून.'
कुणी लिहिलं होतं हे? मीच.
दुसऱ्या कुठल्याशा राज्याच्या जुन्या कागदावरून, घाईत,
घरी भाचीचा वाढदिवस होता.
आणि. आणि.
म्हणजे तिन्ही हवीत. एक कमी भरलं
की मालक टोपी उचलणार, वकिलाशी हात मिळवणार,
जेवायला जाणार.

'आणि' खोडलं. 'किंवा' लिहिलं.
दोन ठिकाणी.
बॉयलर खोकला. एवढाच काय तो आवाज झाला.

मग धाकाची व्याख्या.
एक, ओळखपत्रे दडवून ठेवणे.
दोन, न फिटणारे कर्ज लादणे.
तीन, मायदेशी धाडण्याची भीती घालणे.
हिवाळा मला घालता आला नाही.

सभागृहात विरोधात एकही मत पडलं नाही.
राउश यांचं 'होय' गरजेपेक्षा मोठं होतं.
राज्यपालांनी अकरा पेनांनी सही केली,
एकेका पेनाला एकेक अक्षर, तशी इथली रीत,
आणि त्यातलं एक तिला दिलं. फोटो निघाला.
फोटोत तिचे डोळे मिटलेले आहेत.

शेवटचं कलम सगळ्यात सोपं. मला पाठ आहे.
हा अधिनियम एक जुलैपासून अमलात येईल.
म्हणजे तीस जूनच्या मध्यरात्रीपर्यंत
जे झालं, ते या कायद्याच्या लेखी झालं नाही.
तिची तीन वर्षं तारखेच्या मागे उभी आहेत,
हातात चादरीची दोन टोकं धरून.

हे तिला मीच सांगितलं, जिन्यात.
कुणीतरी सांगायलाच हवं होतं,
आणि ज्यांचे फोटो निघाले ते निघून गेले होते.
तिने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा बसवलं.
"म्हणजे पुढचीला," ती म्हणाली.
प्रश्न की काय, मला कळलं नाही.
सगळ्या विरामचिन्हांचा पगार घेते मी,
तरी कळलं नाही.

परवा किराण्याच्या दुकानात दिसली.
त्याच पेनाने यादीवर काट मारत होती:
तांदूळ, कांदे, दिव्याचा बल्ब.
साबणाच्या फळीपाशी मात्र थांबली.
एकेक वडी उचलून नाकाशी धरी, परत ठेवी,
पुढची उचले.
मागे माणसं खोळंबली होती.
तिला घाई नव्हती.