ड चा र

आमच्या चेंदणीत ड चा र होतो.
खाडी खारी, होडी होरी, कापड कापर.
माझ्या जिभेवरून हे सगळं मास्तरांनी
पट्टीने खरवडून काढलं,
पोशाआजाच्या तोंडात मात्र राहिलं
शेवटपर्यंत, दातांच्या जागी.

त्याचा धंदा शिडं शिवण्याचा.
लढाईचे दिवस, पौष असावा.
ऐरोलीच्या अंगाला मिठागरात एक विमान उतरलं.
उतरलं म्हणजे घसरलं.
पिवळंधमक, शिकाऊंचं, दुमजली;
पंखाखाली पंख, मधे काठ्या, तारा,
पोपटाऐवजी पिंजराच उडून आल्यासारखं.

पुढच्या खड्ड्यात गोरा मास्तर,
मागच्यात एकोणीस वर्षांचा पोरगा,
इंदापूरकडचा, जाचक आडनावाचा.
दोघांत बोलायला एक रबरी नळी.
तिच्यातून मास्तर शेवटचं काय बोलला
ते जाचकाने मिठाच्या राशीवर बसून आगऱ्यांना सांगितलं:
‘इंजिन गेलं. आता शीक.’

इंजिनाचं काय ते मेकॅनिकने केलं.
खालचा डावा पंख बांधावर फाटला होता,
त्यासाठी पोशाला बोलावणं.
तो होडीतून आला, दाभण, मेण, दोरा घेऊन.
पंखावर हात फिरवला, हात नाकाशी नेला:
रोगणाचा वास, अती पिकल्या केळ्यासारखा.
आतल्या लाकडी फासळ्या बोटांनी मोजल्या
आणि म्हणाला, ‘ह्ये त शीर हाय.’
जाचकाला वाटलं, डोक्याबद्दल बोलतोय.

तीन दिवस तो टाके घालत होता,
दर तीन बोटांवर गाठ.
गोऱ्याने पट्टी लावून पाहिली,
काही न बोलता सिगारेटचं पाकीट पुढे केलं.
आजा ओढत नसे. आतली चांदी तेवढी घेतली, पोरीसाठी.

चौथ्या दिवशी, वजन नको म्हणून,
गोऱ्याने जाचकाला एकट्यालाच बसवलं,
पुढचा पंखा स्वतः हाताने फिरवला.
आगऱ्यांनी शेपूट धरलं, अडेल बैलाचं धरतात तसं,
सुक्या कोंडीच्या टोकाला.
मग सोडलं.

गोष्ट सांगताना आजा इथे थांबायचा.
‘इमान उरलं.’
मी विचारायचो, उडलं की उरलं?
तो म्हणायचा, त्येच त सांगतंय.

जाचकाचं एक कार्ड आलं नंतर, ब्रह्मदेशाच्या बाजूने.
मेणाचा दोरा पक्का होता, असं काहीतरी.
पुढे नाही आलं.

लढाई सरली, पिवळी विमानं वजनावर गेली.
इंजिनं कुठे पंपाला लागली, चाकं हातगाड्यांना,
तारांवर आमच्याकडे बोंबील वाळले.
आजा कुर्ल्याच्या भंगारातून एका पंखाचं कापड घेऊन आला.
आपला टाका ओळखू येईल, वाटलं होतं.
नाही आला. दुसऱ्याच कुणाचा होता,
जास्त सरळ.
तरी त्याची झोळी शिवली.
तिच्यात माझा बाप झोपला, मग मी.
पोपडे अंगाला लागायचे म्हणे,
आंघोळीचं पाणी हळदीचं व्हायचं.

माझी मुलगी शुद्ध बोलते.
खाडीवरून एखादं गेलं की म्हणते, विमान उडालं.
बरोबरच आहे.

झोळी कपाटात आहे, वरच्या फळीवर,
घडी घातलेली.
आजा म्हणाला असता, घरी.