तुलनेचा नमुना

जेसीबी गेला त्याला आज अकरा दिवस.
कोब्यासकट उचकटून नेलंय सगळं,
मुरगळलेले पत्रे, होडीच्या इंजिनाचा सांगाडा,
बॅटऱ्यांची काळी टरफलं, रंगाचे डबे.
जमीन दिसते
नुकतंच मुंडण केलेल्या डोक्यासारखी,
स्वच्छ,
आणि कोणीतरी गेल्याचं सांगणारी.

मी प्लास्टिकचं खुरपं घेऊन बसते.
लोखंडी चालत नाही, लोखंड
आपलं काहीबाही मातीच्या नावावर खपवतं.
एक वीत खोल खड्डा. निळ्या टबात माती.
खडे वेचायचे, चार वाटे करायचे,
समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे,
उरलेल्याचे पुन्हा चार,
अर्धा किलो राहीपर्यंत.

सुलभा शिवगण बांधावर उकिडवी बसून बघते.
"हिस्से करताव काय?
आमच्यात भावाभावांत पण एवढे नीट झाले नाय."

तिचा धाकटा दीर, विसोबा,
इथे इंजिनं उघडायचा, होड्या रंगवायचा,
जाळ्यांना लागणारं शिसं वितळवून ओल्या वाळूत ओतायचा.
वणवा सड्यावरनं उतरला त्या दुपारी
तो जेटीवर होता म्हणून वाचला.
अजून कोणाशी बोलत नाही.

"राख म्हणजे खतच की," ती म्हणते,
"दर साल राब भाजतो आमी."
मी सांगते, ती राख पाल्याची, शेणाची.
ही बॅटरीची, रंगाची, पत्र्याची.
ती जरा वेळ गप्प.
"म्हणजे राखेत पण जात आली."

आता शेवटची पिशवी.
नियम असा, की जवळचीच पण न जळलेली,
जिथे काही घडलं नाही अशी माती घ्यावी,
तिच्याशी बाकीच्यांची तुलना करावी.
असली जागा या गावात एकच, सुलभा म्हणाली,
आणि वहाणा काढून पुढे चालू लागली.
राईच्या कडेला आग थांबली होती,
जशी कोणी हटकल्यासारखी.
आत किंजळीखाली राखणदाराचा दगड.
मी मनातल्या मनात परवानगी मागितली,
हातभर अंतर सोडून खुरपं घातलं.
माती मऊ, थंड, काळी.
चिठ्ठीवर लिहिलं: तुलनेचा नमुना, अबाधित.

तीन आठवड्यांनी आकडे आले.
शेडची जागा, शिसं, किलोमागे एकशे अठ्ठ्याऐंशी मिलिग्रॅम.
राईतली, सहाशे बारा.

"पिशव्या बदलल्यास तू," साहेब म्हणाले.
पुन्हा लावून बघितलं. सहाशे सात.
जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना
कैरीच्या लोणच्याचा लाल तवंग पाहिला
आणि तो दगड आठवला.
बोटभर जाड शेंदूर,
पिढ्यान्‌पिढ्या थापलेला, तेलात कालवलेला,
उन्हाळ्यात पापुद्रे सुटणारा,
पावसात पायाशी ओघळणारा.
शेंदूर म्हणजे शिसंच की.
शाळेत शिकले होते. हातात खुरपं असताना
आठवलं नव्हतं.

नवी पिशवी घेऊन परत गेले,
या वेळी नदीच्या अंगाला, दोनशे पावलं लांब.
सुलभाला सांगितलं, शेडच्या जागी
यंदा अळू नको, माठ नको,
झेंडू लावा हवा तर.
तिने मान डोलावली. मग हळूच,
"आणि देवाचं काय आलं?"

खोटं सांगता आलं असतं.
"जास्त," मी म्हटलं. "तिथली माती
पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका."

ती हसली नाही, रागावलीही नाही.
"सगळ्यांचं घेऊन बसलाय तो," म्हणाली,
"किती साल. त्याच्याकडे नाय साठणार
तर कोणाकडे?"

उरलेली माती तिने परत मागितली. राईतली.
इथलीच आहे, इथेच पडू दे.
मी पिशवी उघडून दिली.
तिने दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतली,
प्रसाद घेतात तशी,
आणि झाडाच्या बुंध्याशी सोडली.
मग आठवून हात पदराला पुसले.
मग पदराकडे
बघत राहिली.